अकरा नंबरच्या दुकानाचा दुसरा नकाशा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बेकरीवाल्यांच्या संघाचे प्रमुख श्रीमान क्रुम बोयाजिएव, व्यासपीठावर बसलेले माझे ज्येष्ठ भागीदार लाझार आणि त्यांच्या शेजारचे आमचे इतर तीन भागीदार, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो त्या श्रीमती स्नेझाना वेल्चोवा, पहिल्या रांगेत शेगडीजवळची खुर्ची पटकावून बसलेल्या त्यांच्या मातोश्री व्हेलिकाआजी, भट्टीवरचे, काउंटरवरचे, गाड्यांवरचे माझे सहकारी, माझ्या घरची मंडळी, आणि मागच्या दाराशी उभं राहून खाली जेवणाची झाकणं कधी उघडतात याकडे कान लावून असलेले सर्व मान्यवर, तुम्हा सगळ्यांना स्तामेन कारागोझोवचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे दहा मिनिटं लिहिली आहेत. अध्यक्ष महोदयांनी मघाशी आपलं घड्याळ मनगटावरून काढून माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मी समजायचं ते समजलो. तरीही आज थोडा वेळ जास्त लागणार आहे, त्याची परवानगी आत्ताच मागून ठेवतो.

या वाचनगृहाच्या सभागृहात मी आजवर निरोपाची वीसएक भाषणं केली असतील. ती कशी असतात तुम्हाला ठाऊक आहे. जाणारा माणूस वक्तशीर होता, हसतमुख होता, त्याची उणीव भासेल. असं एक भाषण माझ्या सुनेनं टाइप करून दिलंय, ते या खिशात आहे. ते मी वाचणार नाही. सूनबाई, डोळे वटारू नका, मला इथूनही दिसतं. उजव्या बाजूनं कुणीतरी आत्ता म्हणालं, ‘म्हातारा पुन्हा टपरीची गोष्ट सांगणार.’ तेही ऐकू आलं. हो, सांगणार. पण दोनच वाक्यांत.

बस स्थानकाबाहेर मी टपरी टाकली तेव्हा माझ्याजवळ एक भट्टी होती, चीज भरलेल्या पापुद्रेदार बानित्साचा एक तवा होता आणि बोझा या आंबूसगोड पेयाचं एक पिंप होतं. तिथून पुढची पाच दुकानं मी कानांनी काढली. एखाद्या नव्या वसाहतीत सकाळी सहाला जायचं, कॉलर वर करून बसच्या रांगेत उभं राहायचं आणि बायका काय कुरकुरतात ते ऐकायचं. ‘इथं मेलं गरम काही मिळत नाही’ हे दोन दिवसांत तीनदा कानावर पडलं की मी गाळा शोधायला लागायचो. लोकांना वाटायचं, स्तामेनला दैवी देणगी आहे. मलाही तसंच वाटायचं.

मग आमच्याकडे स्नेझानाबाई आल्या. कशाला आल्या? बिलं लिहायला. त्या आधी वीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढत होत्या, ते कार्यालय बंद झालं आणि या बाई आमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आल्या. दुसऱ्याच महिन्यात एका बिलाच्या पाठीवर मला पेन्सिलीची रेघ दिसली. वळणं, फाटे, बाण.

“हे काय, बाई?”

“तुमच्या गाडीचा रस्ता, मालक. रोज चार वेळा नदी ओलांडते. दोनदा पुरे.”

“तुम्हाला काय माहीत गाडी कुठं जाते?”

“बिलं मीच लिहिते. बिलांवर पत्ते असतात.”

त्या दिवशी मला कळलं की कान असलेला माणूस या शहरात मी एकटा असेन, पण डोळे असलेलं माणूस माझ्या कोपऱ्यात बसून बिलं लिहितंय. सहावं दुकान त्यांनी काढलं. सातवं, आठवं, नववं, दहावंही त्यांनीच. कसं काढलं? जनगणनेतले आकडे घेतले. नगरपालिकेच्या रहिवासी नोंदीतले, इमारतीगणिक, वयागणिक आकडे घेतले. शहराच्या नकाशावर ठिपके दिले. दहा माणसांमागे एक ठिपका: म्हातारे निळे, कामावर जाणारे पिवळे, मुलं लाल. बसचे थांबे, दुसऱ्यांच्या बेकऱ्या, तेही टिपलं. मग आठवडाभर आपल्या चालत्या दुकानांबाहेर उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, ‘कुठून चालत आलात?’ त्यातून त्यांना कळलं की गरम बानित्सासाठी आपला माणूस सहा मिनिटं चालतो. पावसात तीन. चढ असेल तर तेवढंही नाही.

मी म्हटलं, “मग दुकानाभोवती सहा मिनिटांचं वर्तुळ काढा.”

त्यांनी काढून दाखवलं. ते वर्तुळ नव्हतं, बटाटा होता. एका बाजूला टेकडीनं चेपलेला, दुसऱ्या बाजूला सपाट रस्त्यानं लांबलेला. “लोक रस्त्यानं चालतात, मालक,” त्या म्हणाल्या, “कंपासनं नाही.”

आणि आठ नंबरचं दुकान! इस्पितळाजवळ. मी मोठ्या दरवाज्यासमोरचा गाळा बोलून आलो होतो. बाई म्हणाल्या, “मोठ्या दारानं माणसं काळजीत आत जातात नाहीतर सुटकेनं बाहेर येतात. दोघांनाही भूक नसते. मागच्या दारानं नर्स ड्युटी संपवून बाहेर पडतात.” आज मागच्या दाराचं ते दुकान सगळ्यांत जास्त चालतं. लाझार, तुम्ही मान डोलावताय. डोलवा. पुढचं ऐकल्यावर डोलवाल असं वाटत नाही.

आता अकरा नंबरकडे येतो. हा आकडा आमच्या घरात आणि कंपनीत कुणी मोठ्यानं म्हणत नाही. टेकडीखालची ती चार गल्ल्यांची वस्ती आणि तिथली ती शाळा. नाव घेत नाही, शाळेचा यात काही दोष नाही. शाळा चांगली आहे, हाच काय तो तिचा गुन्हा.

इथं बसलेल्यांपैकी कुणाला माहीत नाही की पहिलीचा प्रवेश पत्त्यावर मिळतो? जवळ राहणाऱ्याला जास्त गुण. आणि कुणाला माहीत नाही की मग आपण काय करतो? मावशीचा पत्ता, मावशीच्या शेजारणीचा पत्ता, लष्करातल्या जुन्या मित्राचा पत्ता. घरमालकानं सही करून द्यायची की हे लेकरू माझ्याच घरात राहतं. हसताय? हसा. मीही हसायचो. मी तर करूनही बसलो होतो. माझा मुलगा नदीपलीकडे राहतो, त्याच्या बिलियानाला ती शाळा हवी होती. म्हणजे बिलियानाला काही नको होतं, सात वर्षांच्या पोरीला काय कळतं, हवी होती मला. मी स्नेझानाबाईंना विचारलं. त्यांच्या आईचं दोन खोल्यांचं घर शाळेपासून तीन मिनिटांवर. चढ नाही. बाईंनी एक दिवस मागून घेतला, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आईला विचारलंय. ती सही देईल.”

व्हेलिकाआजींनी सही दिली. पुढच्या वर्षी मला रस्त्यात भेटल्या आणि भर बाजारात काय म्हणाल्या? “लेका स्तामेन, ती पोर खातेपिते का नीट? माझ्याकडे राहते म्हणे, मी तर अजून पाहिली नाही!”

बरोबर ना, आजी? बघा, हसतायत.

आता पुढचं ऐका. बिलियाना पहिली संपवत होती त्या वसंतात आम्ही अकराव्या दुकानाची जागा शोधत होतो. स्नेझानाबाईंनी नगरपालिकेचे ताजे आकडे आणले, ठिपके दिले, आणि त्या शाळेभोवतीच्या चार गल्ल्या लाल झाल्या. शेतात खसखशीची फुलं पसरावीत तशा लाल. आणि आसपास एकही बेकरी नाही! आम्ही पाचही भागीदार त्या नकाशाभोवती लग्नातल्या वऱ्हाडासारखे गोळा झालो. लाझार म्हणाले, मुलांची बेकरी काढू. छोट्या बानित्सा, तीळ लावलेल्या पावाच्या कड्या, बुटकी टेबलं, भिंतीवर अस्वलं, वाढदिवसासाठी मागे एक वेगळी खोली. मी म्हटलं, वा.

आठवड्यानं स्नेझानाबाई माझ्या खोलीत आल्या. काखेत दोन गुंडाळ्या.

“मालक, हे लाल मला खरं वाटत नाही.”

“का? नगरपालिकेचा शिक्का आहे त्यावर.”

“शिक्का आहे. पोरं नाहीत.”

तीन संध्याकाळी त्या त्या गल्ल्यांतून पायी फिरल्या होत्या. बाल्कन्यांतल्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे त्यांनी मोजले. मोठ्यांचे शर्ट, अभ्रे, म्हाताऱ्यांच्या लोकरी बंड्या. चार गल्ल्यांत मुलांचे कपडे सात घरांत. इमारतींच्या दारांवर मृत्यूची पत्रकं, एकेका दारावर चार-चार चिकटवलेली, आणि जिन्याखाली सायकल एकही नाही. मग त्यांनी जनगणनेचा वेगळा नकाशा काढला. जनगणनेचा माणूस दारात येऊन डोकी मोजतो, नोंदवहीला कागद पुरतो. त्या नकाशात त्याच चार गल्ल्या निळ्याशार होत्या. म्हातारे, म्हातारे, म्हातारे.

“ही इमारत बघा, मालक. सहा घरं. नोंदवहीत एकेचाळीस मुलं, सगळी सात-आठ वर्षांची.”

मी विनोद केला. “आईबापांचं अभिनंदन करायला हवं.”

बाई हसल्या नाहीत. “ती माझ्या आईची इमारत आहे. आईच्या दोन खोल्यांत तीन आहेत. त्यातली एक तुमची बिलियाना.”

हे कापड झाकून ठेवलेलं इथं जे आहे, ते तुम्हाला बाईंचं तैलचित्र वाटलं असेल. नाही. गाडीवाल्या त्रिफोन, जरा ते कापड काढ. हां. हे ते दोन नकाशे. डावीकडचा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. उजवीकडचा आज पहिल्यांदा बघताय. जवळून बघायचा असेल तर नंतर बघा, कोपऱ्यात त्यांचं नाव आणि तारीख आहे. तारीख बघाच. आम्ही भागीदारांनी ती जागा ज्या बैठकीत पक्की केली, तिच्या नऊ दिवस आधीची आहे.

मी काय केलं असेल? उठलो आणि खोलीचं दार लावलं. माझं दार तोवर कधी बंद झालं नव्हतं, वाणीसुद्धा थेट आत येतो. त्या वसंतात खरोखर तिथं राहणाऱ्या आईबापांनी अर्ज केले होते की आमची मुलं बाहेर राहिली आणि खोट्या पत्त्यांची आत गेली. नगरपालिका तपास करणार अशी बोलवा होती. हा दुसरा नकाशा मी बैठकीत मांडला असता तर पहिला प्रश्न आला असता, तुम्हाला कसं कळलं? आणि दुसरा, यात तुमच्या ओळखीचं कोण आहे?

मी म्हटलं, “हा दुसरा कपाटात ठेवा.”

“आणि भागीदारांना?”

“मी बघतो. आणि मुलं गल्लीत राहत नसली म्हणून काय झालं? शाळेत तर येतात.”

“येतात, मालक. गाडीतून येतात, गाडीतून जातात. दुकान चालणार नाही. एकदा मला बोलू द्या, मी कुणाचं नाव घेणार नाही.”

आता मी जे बोललो ते सांगतो. भाषणात असं सांगायची रीत नाही, पण सांगतो. मी म्हणालो, “आईंच्या सहीचं काय, स्नेझाना? या वयात त्यांना कचेरीत उभं राहायला लागलं तर बरं दिसेल का?”

आवाज चढवला नाही. काळजीनं बोलावं तसा बोललो. मला वाटतं, तसं बोलता येतं म्हणूनच मी अकरा दुकानांपर्यंत आलो. त्यांनी माझ्या नातीसाठी उपकार केला होता, आणि त्याच उपकाराचा दोर करून मी त्यांच्या गळ्यात घातला. बाईंनी गुंडाळी उचलली, कपाट उघडलं, आत ठेवली, बंद केलं. किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

दुकान पंधरा सप्टेंबरला उघडलं, शाळेच्या पहिल्या दिवशी. पोरांच्या हातात शिक्षिकांसाठी फुलं, आईबापांच्या हातात आपल्या बानित्सा. काय गर्दी! लाझारनी मला मिठी मारली. दुसऱ्या दिवसापासून आठ वाजता गाड्यांची रांग लागायची, दारं उघडायची, पोरं उतरायची, गाड्या जायच्या. साडेपाचला उलट. शनिवार-रविवार अस्वलं एकमेकांकडे बघत बसायची. वाढदिवसाच्या खोलीत अकरा महिन्यांत दोन वाढदिवस झाले, त्यातला एक आमच्याच रोखपालबाईंचा. जी माणसं खरोखर तिथं राहत होती ती यायची, आणि त्यांना हवं ते आमच्याकडे नसायचं. एक आजी आल्या, अर्धा पाव द्या म्हणाल्या, मऊ, दात नाहीत. आमच्या काउंटरवरच्या मुलीनं तिळाची कडी पुढे केली. आजींनी ते बुटकं टेबल बघितलं आणि म्हणाल्या, “बाळ, मी यावर बसले तर उठवायला आगीचा बंब बोलवावा लागेल.”

हसू येतं ना? मलाही यायचं. पुढच्या ऑगस्टात आम्ही शटर ओढलं. त्या दुकानातल्या चारपैकी दोघींना आम्ही दुसरीकडे सामावून घेतलं. दोघींना नाही घेऊ शकलो.

मग बैठक बसली. लाझार, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही टेबलावर हात मारून विचारलंत, “तिथं मुलं आहेत हे सांगितलं कुणी?” खोलीत आम्ही पाच भागीदार आणि टिपण घ्यायला स्नेझानाबाई. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, “नकाशा स्नेझानाबाईंनी काढला होता.”

वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. नकाशा त्यांनीच काढला होता. पण मी आयुष्यात याहून मोठं खोटं बोललो नाही, आणि मी धंदेवाला माणूस आहे, थोडं काही बोललो नसेन. मला वाटलं, आता त्या मान वर करतील, बोलतील. एका क्षणी वाटलं, बोलाव्यात, म्हणजे सुटेन. त्यांच्या हातातलं पेन थांबलं. मग पुन्हा चालू झालं. माझं वाक्य त्यांनी इतिवृत्तात स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं. त्यांची आई पंच्याऐंशीची होती, माझी नात आठची. दोघींना त्यांनी त्या एका ओळीत वाचवलं.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, फक्त कारण ठाऊक नव्हतं. नकाशे आम्ही राजधानीतल्या, सोफियातल्या लोकांकडून घ्यायला लागलो, चकचकीत कागद, रंगीत चित्रं. बाईंना पिठाच्या गोदामात पाठवलं. पोती मोजायला. साडेपाच वर्षं. अध्यक्ष महोदय, संघाच्या अभ्यासवर्गात आपण त्यांना व्याख्यानाला बोलावणार होता, आठवतं? आपण मला फोन करून विचारलंत, बाई कशा आहेत. मी म्हटलं, “माणूस चांगलं आहे.” बस, तेवढंच. त्यातून आपण समजायचं ते समजलात. आपला काही दोष नाही, मी तसंच समजावं म्हणून तसं बोललो होतो.

आणि गाडीवाल्या मंडळींनो, तुमच्यात एक म्हण पडली आहे. एखादी गोष्ट वरून झकास आणि आतून पोकळ निघाली की तुम्ही म्हणता, ‘हे काय, स्नेझानाचं लाल!’ टोमॅटोची पेटी असो, उमेदवार असो, नवरदेव असो. त्रिफोन, खाली बघू नकोस, तू एकटाच नाहीस. एकदा माल भरताना मी शेजारी होतो तेव्हा कुणीतरी ते म्हणालं. गोदामाचं दार उघडं होतं, बाई आत होत्या, त्यांनी ऐकलं हे मला माहीत होतं. आणि मी हसलो. तुमच्याबरोबर हसलो. ज्या कानांची मी एवढी फुशारकी मारतो, त्या कानांना त्या वेळी पोती सरकवण्याचा आवाज थांबलेला बरोबर ऐकू आला होता.

हे सगळं आज का सांगतोय? मला अचानक सद्बुद्धी झाली असं कुणी समजू नका. मागच्या रविवारी क्षमेचा दिवस होता. उपवास सुरू होण्याआधीचा रविवार, लहानांनी मोठ्यांकडे जायचं, हात हाती घ्यायचा, माफी मागायची, आणि मोठ्यांनी ‘माफ केलं’ म्हणायचं. त्या दिवशी नाही कुणी म्हणत नाही. मी पांढऱ्या हलव्याचा डबा घेतला आणि व्हेलिकाआजींच्या घरी गेलो. स्नेझानाबाई स्वयंपाकघरात अंडी सोलत होत्या.

“मालक? तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. आज मी तुमच्याकडे यायचं.”

“मी आलो. मला माफ करा, स्नेझाना.”

त्यांनी हात पुसले. “कशाबद्दल?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तुम्ही सांगा.”

सांगा म्हटल्यावर माझी जीभ टाळूला चिकटली. जी जीभ मघापासून इथं नदीसारखी वाहते आहे तीच. कसंबसं म्हणालो, “त्या अकरा नंबरबद्दल.”

त्यांनी हात पुसलेलं फडकं खुंटीला लावलं. मग म्हणाल्या, “आजच्या दिवशी नाही म्हणता येत नाही, म्हणून आज आलात ना? जागा निवडण्यात तुम्ही हुशार होतातच, आता दिवसही निवडायला लागलात.”

मी हलव्याचा डबा टेबलावर ठेवला.

“मालक, दोष तुम्ही सभेत लावलात. माफी मागायला माझ्या स्वयंपाकघरात आलात. इथं ऐकायला कोण आहे? मी, आणि कानानं अधू असलेली माझी आई.”

आतल्या खोलीतून आजी ओरडल्या, “मला ऐकू येतंय! माफ कर म्हणतोय ना तो? मग म्हण की गं, हलवा आणलाय त्यानं!”

बाई म्हणाल्या, “हलवा घरी न्या, बिलियानाला आवडतो.” आणि पुन्हा अंडी सोलायला बसल्या. ‘माफ केलं’ हे दोन शब्द, जे त्या दिवशी या देशात शत्रूलाही मिळतात, ते मला मिळाले नाहीत.

जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबलो. आज शनिवार, तेव्हापासून सहा दिवस झाले. या सहा दिवसांत पहिलं काम केलं ते बिलियानाला सांगण्याचं. ती आता चौदा वर्षांची आहे, ती शाळा चौथीनंतरच सुटली, तिचं नुकसान व्हायचं काही राहिलेलं नाही. तरी सुनेचं म्हणणं होतं, पोरीला यात ओढू नका. मी तिला शेजारी बसवलं आणि मोठ्या तयारीनं सुरुवात केली. ती म्हणाली, “आजोबा, मला माहीत होतं. आमच्या वर्गात सगळ्यांनाच दोन पत्ते पाठ होते. एक खरा, आणि दुसरा वर्गातल्या बाई विचारतील तेव्हा सांगायचा.” आणि तिनं व्हेलिकाआजींचा पत्ता मला घडाघडा म्हणून दाखवला. मजल्यासकट, बेलवरच्या नावासकट. कविता म्हणावी तसा. मला वाटलं होतं मी नातीला चांगली शाळा दिली. सात वर्षांच्या पोरीला सगळ्यांत आधी काय पाठ करायला लावलं ते मला त्या दिवशी कळलं.

दुसरं काम आज सकाळी केलं. कंपनीचं इतिवृत्ताचं ते जुनं पुस्तक काढलं, त्या बैठकीचं पान उघडलं आणि बाईंच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं. ते वाचतो. ‘वरील बैठकीत मी केलेलं विधान अपुरं होतं आणि ते मी जाणून अपुरं ठेवलं. श्रीमती वेल्चोवा यांनी दुकान उघडण्याआधीच मला लेखी आणि तोंडी सांगितलं होतं की त्या वस्तीत मुलं नाहीत, आणि का नाहीत. तो नकाशा मी दाबून ठेवला, कारण खोट्या नोंदींतली एक नोंद माझी होती. त्यांचं काम बिनचूक होतं. अकरा नंबरचं दुकान मी बुडवलं. स्तामेन कारागोझोव.’

लाझार, आणि तिघे भागीदार, तुम्हाला याचं जे करायचं असेल ते सोमवारी करा. मला कंपनीच्या प्रमुखपदावरून उठवायचं असेल तर मी अडून बसणार नाही. सही कुठं करायची तेवढं दाखवा. व्हेलिकाआजी, कचेरीतून कुणी विचारायला आलंच तर सांगा, सही स्तामेननं मागितली म्हणून दिली. मी तुमच्याबरोबर येईन. अध्यक्ष महोदय, आपल्या अभ्यासवर्गाची तारीख अजून ठरायची आहे असं मी ऐकलंय. यापुढे मी काही सुचवणार नाही, मला तो अधिकार राहिलेला नाही. आणि गाडीवाल्यांनो, ती म्हण तुम्ही सोडावी असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तुमचं तुम्ही बघा.

माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. अध्यक्षांनी घड्याळाकडे एकदाही बोट दाखवलं नाही याबद्दल त्यांचे मनापासून आभार. वाचनगृहानं सभागृह दिलं, मुलींनी फुलं लावली, खाली स्वयंपाक करणाऱ्यांनी जेवण एवढा वेळ गरम ठेवलं, त्यांचेही आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला वेडंवाकडं बोललो असेन, तर सभागृहानं मला सांभाळून घ्यावं.

ही झाली सभागृहाकडची माफी. दुसरी सभागृहाच्या हातात नाही.

स्नेझाना वेल्चोवा, मला माफ करा. कशाबद्दल ते या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. आज कुठला सण नाही, तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. माइक चालू आहे, बाई. मी खाली जाऊन बसतो.